दर रविवारचं गिऱ्हाईक

"किती प्रती उरल्यात, बाई?"

"पंधरा."

"सगळ्या बांधा," एर्मेक म्हणाला. बुरमाखानबाईंचा चेहरा खुलला. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या बाजारात, सुक्या जर्दाळूवाल्यांच्या रांगेत, स्वतः लिहिलेलं एक पातळसं पुस्तक विकायला बसत. भामटे गिऱ्हाइकाला कसे गंडवतात, त्याचे बावीस डाव त्यात होते.

सातवा डाव एर्मेकचा होता. वाटेत सोन्याची अंगठी सापडल्याचं सोंग करायचं, शेजारून चालणाऱ्याला निम्मा वाटा देऊ करायचा, आणि पैसे घेऊन पितळ त्याच्या गळ्यात मारून पसार व्हायचं. ते पान वाचलं तेव्हाच त्याने ठरवलं, हे पुस्तक कुणाच्या हाती लागता कामा नये. तेव्हापासून दर रविवारी तो गठ्ठा उचलून नेई आणि मावशीच्या तंदुरात घाली. मावशीला कसलीच तक्रार नव्हती. तिचं सरपण वाचत होतं.

असे चार महिने गेले. मग एका सकाळी त्याने खेड्यातून आलेल्या एका आजीच्या पायाशी वाकून अंगठी उचलली. आजीने चष्मा लावला.

"हा सातवा ना रे? पण तू चुकलास. आधी इकडेतिकडे बघायचं असतं."

तिच्यासोबतच्या बायका हसल्या. खरबूजवाले हसले. एका पोलिसालाही हसू आवरेना, तेवढ्यात एर्मेक निसटला.

तो तडक बाईंपुढे जाऊन उभा राहिला. झाकायचं काही उरलंच नव्हतं. सगळ्या प्रती मी नेल्या, सगळ्या जाळल्या, मग लोकांनी वाचलं कुठून, असं त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्यापुढे चहाचा प्याला सरकवला. त्याने एक प्रत नेली की त्या पैशांत त्या दोन छापून घेत. एक त्याच्यासाठी ठेवत, दुसरी गावोगावच्या शाळांना फुकट पाठवत. पोरं ती घरी मोठ्याने वाचून दाखवत.

एर्मेकने बोटांवर हिशेब केला. मग त्याला हसू फुटलं, इतकं की चहा गुडघ्यावर सांडला. बाईही डोळे पुसत हसत होत्या.

"म्हणजे मी घेतली नसती तर?" त्याने कसंबसं विचारलं.

"पहिले दोन महिने एकही खपलं नव्हतं रे," बाई म्हणाल्या. "तू पहिल्यांदा आलास, त्या दिवशी मी गाशाच गुंडाळत होते."