तीन नळ्यांचा पूल

"नाव लिहा," उत्तमराव म्हणाले. "बाई कोणामुळं मेली, त्याचं नाव लिहा. दुसरं काई नको आमाला."

चौकशीला आलेल्या इंजिनियर दीक्षा मॅडम टेप घेऊन पुलाखाली उतरल्या. कुरुंद्याच्या वाटेवरचा हा तीन नळ्यांचा पूल आषाढातल्या पुरात तुंबला. रस्ता धरणासारखा आडवा राहिला आणि मागचं पाणी उत्तमरावांच्या गोठ्यात शिरलं. वासराचं दावं सोडायला गेलेली त्यांची बायको सखुबाई परत आली नाही.

तेव्हापासून उत्तमराव कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होते. पाऊसच फार झाला, असं तिथं कुणी म्हणालं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाऊस काय पहिल्यांदा पडला? नाला मुळात गरीब. वीस वर्षं गाव दिवाळीनंतर त्याला इथंच वरच्या अंगाला बांध घालून पाणी अडवतं, ढोरं चैत्रापर्यंत पितात, आणि पहिल्या पुरात बांध आपसूक वाहून जातो. कधी कुणाच्या दारात पाणी आलं नव्हतं. यंदा उन्हाळ्यात पाणी वरून वाहू देणारी साधी फरशी काढून ठेकेदारानं हा पूल केला आणि पहिल्याच पुरात घात झाला.

मॅडमनी पुराच्या खुणा मोजल्या, दोनदा आकडेमोड केली. एवढं पाणी या नळ्यांतून सहज जायला हवं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या.

"हिशेब तुमचा बराबर," उत्तमराव म्हणाले, "मंग माझी बायको काहून मेली?"

मॅडमनी वाकून नळ्यांत पाहिलं. नळ्यांची तोंडं गाळानं बुजली होती. त्या उकरून बघू, जे निघेल ते नावानिशी लिहीन, असं त्यांनी कबूल केलं.

उत्तमरावांनी कुणाला फावडं धरू दिलं नाही. मधल्या नळीतून एक पोतं निघालं. मागून दुसरं, तिसरं. मातीनं ठासून भरलेली खताची पोती नळीत गच्च अडकली होती.

उत्तमरावांनी हाका मारून सगळा गाव गोळा केला. ठेकेदारानं काम आटोपून पोती आतच टाकली, हरामखोरानं माणूस मारलं, असं ते सांगत राहिले. मॅडमनी वही उघडली.

"लिहा," म्हणत उत्तमरावांनी सगळ्यांना दिसावं म्हणून एका पोत्यावरचा चिखल पुसला. पोत्याचं तोंड सखुबाईच्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं होतं. गेल्या दिवाळीनंतर ती एकेक तोंड बांधून देत होती आणि उत्तमराव बांधावर पोती रचत होते.