डाव्या बॉक्सचा आवाज

डाव्या बॉक्सचा आवाज गेला तो रविवारी सकाळी, निम्मी गल्ली दिनकररावांच्या बैठकीत टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेली असताना. उजवा बॉक्स चालू होता, पण दिनकररावांना अर्ध्या आवाजात चैन पडेना. रेल्वेत तीस वर्षं गार्ड म्हणून काढलेला माणूस. चाकांचा खडखडाट ऐकून कुठल्या डब्यात काय ढिलं झालंय ते सांगायचे. निवृत्तीनंतर पूर्णेत त्यांनी एकच शौक केला होता: रंगीत टीव्ही, व्हीसीआर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढ्या उंचीचे दोन साउंड बॉक्स.

स्टेशन रोडवरच्या उद्धव मेकॅनिकला बोलावणं गेलं. पंचविशीचा, अबोल, कामाला चोख. त्याने बॉक्सची मागची फळी काढली.

“काका, तार सुटलीय. आपोआप सुटल्यावानी दिसंना.”

“मग काय उंदरानं सोडली?”

उद्धव तार जोडू लागला. शेजारी दिनकररावांची लेक प्रमोदिनी बॅटरी धरून उभी होती. बारावी होऊन वर्ष झालेलं, पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या ठेवतानाही लाजणारी पोरगी. पण बॅटरी धरायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी दोन्ही बॉक्स घुं घुं करायला लागले. ते निस्तरलं, तर आवाज मधेच यायचा, मधेच जायचा. दर वेळी बिघाड नवा, उद्धव तोच आणि बॅटरी प्रमोदिनीच्याच हातात. एकदा तर उद्धव तुटक्या तारेला तापल्या सळईने डाख देत बसला, अन् ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. दिनकररावांना चहा कडू लागला.

त्या संध्याकाळी तिच्या बोटावर फोड दिसला.

“काय झालं ग?”

“तव्याचा चटका, आबा.”

त्या दिवशी भाकरी सुमनबाईंनी थापल्या होत्या. दिनकरराव बायकोकडे बघत राहिले. सुमनबाई ताटात बघत राहिल्या.

मग त्यांचं कशात लक्ष लागेना. पेपर हातात धरायचा आणि नजर बॉक्सवर ठेवायची. एका दुपारी डुलकी लागल्याचं सोंग घेतलं, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: प्रमोदिनी पाय न वाजवता आली, डाव्या बॉक्समागं बसली आणि तिने तार उपसली.

“काय करायलीस?”

“धूळ पुसायलेय.”

हातात फडकं नव्हतं. तरण्या लेकीला असलं काही विचारायचं तर आधी ते तोंडाने उच्चारावं लागतं, आणि ते दिनकररावांच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी उद्धव आला. तार बसवली, सामान आवरलं आणि निघताना खिशातून घडी केलेला कागद काढून हळूच प्रमोदिनीच्या हातात दिला. तिने तो ओढणीआड घेतला. दिनकररावांनी दारातून सगळं बघितलं.

चपला घालता घालता उद्धव म्हणाला, “काका, प्रमोदिनीचं एक बोलायचं होतं.”

“तुझं काम झालंय न्हवं? निघ. परत या घरात पाय ठेवू नकोस.”

उद्धवचा चेहरा उतरला. तो मान खाली घालून गेला.

आठवड्याच्या आत दिनकरराव पाथरीला जाऊन आले. किशनरावांचा मुलगा शाळेत मास्तर होता, घर खातंपितं होतं. सुपारी फोडूनच ते परतले.

प्रमोदिनी उंबऱ्यावर उभी राहिली. “आबा, दोन वरसं थांबा ना.”

“दोन वरसांनी काय उगवणार हाय?”

तिने तोंड उघडलं. त्यांनी अशा नजरेने पाहिलं की ते मिटलंच. सुमनबाई चुलीपुढून म्हणाल्या, “तिचं ऐकून तर घ्या.”

“मला समदं ठाऊक हाय.”

लग्न झालं. प्रमोदिनी जाताना रडली नाही, आणि तेच दिनकररावांना खुपलं. पण अब्रू वाचली, लेक मार्गी लागली, असं ते स्वतःला रोज सांगत होते. महिनाभर बॉक्स ठणठणीत वाजले. त्यांचा संशय खरा असल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा होता?

मग एका सकाळी डावा बॉक्स पुन्हा मुका झाला.

उद्धवला बोलावणं शक्य नव्हतं. दिनकरराव स्वतःच पेचकस घेऊन बसले. फळी काढली, तर आत कापसाच्या थरामागं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही. त्यांनी पिशवीची गाठ सोडली.

“नका बघू,” सुमनबाई म्हणाल्या. “लेक सासरी गेली. काय असंल ते चुलीत घाला.”

त्यांनी वही उघडली.

‘बिघाड पहिला. डाव्या बॉक्सची तार मीच सोडली. उद्धवदादांनी आधी दोन्ही तारा अदलाबदल करून पाहिल्या. बिघाड बॉक्समध्ये की अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते तसं कळतं.’

खाली रेघ मारून आकृती. पान उलटलं.

‘बिघाड तिसरा. दादांनी अर्धा तास शोधला. मी आधीच ओळखला होता.’

‘बिघाड चौथा. दादांनी एक डाख देऊन दाखवला, दुसरा मी दिला. बोट भाजलं. डाख टिकला.’

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. ‘आता एकदा सगळं आबांसमोर दुरुस्त करून दाखवायचं आणि मग विचारायचं.’

त्या पानात तो घडीचा कागद होता. दिनकररावांनी तो गुडघ्यावर उलगडला. परभणीच्या आय.टी.आय.चा फॉर्म, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. प्रमोदिनीच्या टपोऱ्या अक्षरात सगळा भरलेला. फक्त ‘पालकाची सही’ तेवढी कोरी होती, आणि सही नेमकी कुठं करायची ते आबांना कळावं म्हणून तिथं पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलेली होती.