सरदाराची कसरत

तिनं तांदळाची मूठ खळ्याच्या पार टोकाला फेकली आणि सरदार मान पुढं काढून धावला. काठी टेकत तीही मागून निघाली. वर्षभरापूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा पाय लुळा पडला, तेव्हा हा कोंबडा तळहातावर मावत होता. पुढं दोघंही नुसती बसून राहिली. तो पडवीतली शितं टिपून इतका जड झाला, की एक पायरी चढली तरी धापा टाकायचा.

"कोंबडो कसो तरतरीत होयो," नवरा सारखा बजावायचा. म्हणून तिनं त्याला रोज पळवायला घेतलं. कधी पाचोळ्याखाली दाणे लपवायची, कधी माठाची जुडी दोरीला उंच टांगून त्याला उड्या मारायला लावायची.

आज तो कुंपण ओलांडून थेट विहिरीकडं सुटला. ती मागं धावली, त्याला काखोटीला मारून परत आली. काठी खळ्यातच पडली होती.

नवऱ्यानं हात जोडले. "काठीशिवाय चाललंस गो! राखणदार देवाक नवस बोललंलंय, तू चालाक लागलंस की ह्योच कोंबडो कापीन. उद्याच फेडूया."

काखेत सरदाराचं काळीज धडधडत होतं. ती सावकाश पायरीवर टेकली.

"काठी खंय माझी?" तिनं विचारलं. मग वेशीवरच्या राखणदाराच्या वडापर्यंत ऐकू जावं अशा बेतानं मोठ्यांदा म्हणाली, "पाय अजून लटपटतत हो माझे!"