दारेल न आवडणारा मुलगा

मोहिनूरनं पुस्तक गादीखाली सरकवलं, पण कोपरा बाहेर राहिलाच. मुलगी बघायला आलेल्या बाईंची नजर नेमकी तिथं गेली.

"एकट्याच आलात, ओपा?" आईनं चहा ओतत विचारलं. फर्गान्यात वयानं मोठ्या बाईला ओपा, म्हणजे ताई, म्हणतात. अशा कामाला बायका जोडीनं येतात.

"जाऊबाईंचे गुडघे धरलेत," मुकद्दस-ओपा म्हणाल्या. "गादीखाली काय आहे गं, पोरी?"

मोहिनूरनं पुस्तक बाहेर काढलं. वीस वर्षांच्या घोडीनं शाळकरी पोरांची पुस्तकं वाचायची का, हे ऐकायची तिला सवय होती. या पुस्तकांपायी तंदूरमधल्या सामशांचा कोळसा झाला होता. थोरला भाऊ तर तिला 'पुलाखालची राणी' म्हणायचा.

"'पुलाखालची नगरी'," ओपांनी नाव वाचलं. "माझा मुलगा वाचतो हे. तिसऱ्या भागापाशी अडकलाय. अख्ख्या फर्गान्यात मिळेना त्याला."

आईची चहाची वाटी ओठांपाशीच थांबली. पाचही भाग वाचलेला नवरा मिळाला तरच लग्न करीन, असं मोहिनूरनं घरात जाहीर केलं होतं. आईनं ते वेड्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

"तिसरा आहे माझ्याकडे," मोहिनूर हळूच म्हणाली.

ओपा तिसरा भाग घेऊन गेल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या.

"काय म्हणाला?" मोहिनूरनं आईच्या देखतच विचारलं.

"म्हणाला, पुस्तकातला तो दारेल काही कामाचा नाही. नुसता खिडकीत उभा राहून उसासे टाकतो. लग्न झाल्यावर घरात लाकडं कोण आणणार?"

मोहिनूरला हसू आवरेना. तिच्या कॉलेजातल्या सगळ्या पोरी त्या दारेलवर जीव टाकायच्या. त्याला नावं ठेवणारी आजवर ती एकटीच होती.

"आणि फिन?"

"फिन चालेल म्हणतो. विनोदी आहे, शिवाय भांडी घासतो."

भांड्यांचा विचार करणारा मुलगा! त्या रात्री मोहिनूरनं चौथा भाग स्वतःच कागदात बांधून ठेवला.

मग हे चालूच राहिलं. ओपा यायच्या, दोन सामसे खायच्या, मुलाची मतं सांगायच्या आणि पुस्तक घेऊन जायच्या. मुलगा ताश्कंदला नोकरीला आहे, मधूनमधून घरी येतो, असं त्या सांगायच्या. तो देखणा आहे का, हे विचारायला मोहिनूरला लाज वाटायची. चौथ्या भागाच्या शेवटी तो रडला का, हे मात्र तिनं विचारलं.

"उशी भिजली," ओपा म्हणाल्या.

आई मात्र हिशेबी. पाहुण्यांनी खाल्लं किती आणि त्या बदल्यात बोलले काय, हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. तिनं मावशीला ओपांच्या महल्ल्यात चौकशीला धाडलं. मावशी खुशीत परत आली. घर टापटीप. नवरा देवमाणूस होता, दारूला शिवला नाही. बाई रसायनशास्त्राची शिक्षिका होती, कोणाशी भांडण नाही. अंगणात जर्दाळूची दोन झाडं. मुलगा ताश्कंदला, म्हणून त्याचं मावशीनं काही विचारलंच नव्हतं.

"मग नान तोडायला का येत नाहीत?" आई म्हणाली. नान तोडून लग्न पक्कं करायचा विषय निघाला की ओपा हटकून आणखी चहा मागायच्या.

त्यातच कोकंदहून दुसरं स्थळ आलं. दातांचा डॉक्टर, स्वतःची गाडी. मोहिनूरनं त्याला फोनवर एवढंच विचारलं, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस? तो म्हणाला, गाडीच्या कंपनीनं दिलेलं.

"आई, त्यांना नाही कळव."

"आणि तुझा तो ताश्कंदवाला? त्याचं तोंड तरी बघितलंयस का?"

"त्याची मतं बघितलीत."

"मतांशी संसार करणार का?" आईनं हात झटकले. "शनिवारपर्यंत थांबते. शनिवारी तो समोर आला तर बघू. नाही आला तर रविवारी कोकंदवाल्यांना होकार."

मोहिनूरनं हे ओपांना जसंच्या तसं सांगितलं. ओपांनी आणखी चहा मागितला.

"शनिवारी 'पुलाखालची नगरी'चा सिनेमा लागतोय ना?" त्या म्हणाल्या. "दुपारच्या खेळाला ये. तिकिटं मी काढते. पण माझं ऐक. कोकंदवाल्याला आजच नाही सांगून टाक. वाचनाचा कंटाळा असलेल्या माणसाबरोबर जन्म काढणं फार अवघड असतं गं."

ओपा एवढ्या ठामपणे म्हणाल्या म्हटल्यावर आईलाही भरवसा वाटला. नकार त्याच संध्याकाळी गेला.

शनिवारी मोहिनूरनं निळा झगा घातला, वेणी दोनदा मोडून पुन्हा घातली. सिनेमाघराबाहेर शाळकरी पोरापोरींची झुंबड होती. ओपा ठेवणीतला रुमाल बांधून, हातात पॉपकॉर्नची बादली घेऊन उभ्या होत्या. इतक्या नटलेल्या त्या कधीच आल्या नव्हत्या.

"चल, चल," ओपांनी तिला हाताला धरून आत ओढलं. "सुरुवात चुकेल."

दोघी बसल्या. मोहिनूरच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. दिवे मंद झाले. तेवढ्यात एक उंच, चष्मा लावलेला तरुण रांगेतून माफी मागत आला आणि त्याच खुर्चीत बसला. मोहिनूरनं श्वास रोखला. त्याच्या मागोमाग त्याची बायको आली आणि कडेवरचं मूल तिनं त्याच्या मांडीवर दिलं.

दिवे पूर्ण गेले. पडद्यावर दारेल खिडकीत उभा राहिला. अख्ख्या थिएटरातल्या पोरींनी सुस्कारा सोडला आणि ओपा खुदकन हसल्या.

मोहिनूर त्यांच्या कानाशी वाकली. "ओपा, तो कधी येणार?"

"कोण?"

"तुमचा मुलगा."

"मला कुठला गं मुलगा?" पडद्यावरची नजर न काढता ओपांनी पॉपकॉर्नची बादली तिच्या मांडीवर सरकवली. "गप्प बस आता, फिन येतोय."