बेल्ट कशानं घासला

"नातवानं टाकलेली मिनीबाइक आहे. मूठ कितीही पिळा, रांगतेच," काका कुरकुरत होते. मेकॅनिकनं कव्हर उघडून बेल्ट काढला. घासून पार अरुंद झाला होता, कडा काचेसारख्या चकचकीत.

"काका, गाडी पळवून बेल्टचं असं होत नाही. तुम्ही ती सतत चालत्या माणसाच्या वेगानं नेलीत. मग बेल्ट नुसता घसरत राहतो."

"आमच्या हिला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. माझे गुडघे गेलेले. म्हणून मी गाडीवर आणि ही शेजारून, गप्पा मारत."

"पण मग स्पीड कधीचाच गेला असणार. तुमच्या आजच लक्षात आलं?"

काका बेल्टवरून बोट फिरवत राहिले.

"आज पहिल्यांदाच एकटा निघालो."