अंगणातलं नाव

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी पुतण्या गंगाधरने नाशिकहून आपली दोन्ही मुलं झुंबरबाईकडे खेड्यावर धाडली आणि बजावलं, "यंदा आजीला सही शिकवूनच या." पोटी मूलबाळ नसलेली झुंबरबाई हरखून गेली. मुलांनी तिच्या अंगणात बागच मांडली. ओढ्यातले गोटे चुन्याने रंगवून त्यांनी तिचं नाव लिहिलं, फुटक्या बांगड्यांनी अक्षरांच्या कडा सजवल्या आणि मधल्या जागेत बांधावरची रुईची, धोतऱ्याची फुलं खोचली. म्हातारी रोज सकाळी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची, मग पाटीवर गिरवायची.

"आजी, तुझ्या 'झ'चं पोट सुटलं!" नात खिदळायची.

"सुटू दे बाई. माझं तर कधी सुटलं नाय!"

मे सरता सरता गंगाधर आला. वावरातल्या विहिरीवर विजेची मोटार बसवायची, त्याला तुमची सही लागते, असं सांगून तो तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला. "अंगठा नको साहेब, आमच्या काकू सही करतात," असं तो म्हणाला, तेव्हा झुंबरबाईची मान ताठ झाली.

पेरणीच्या तोंडावर तलाठ्याने तिला सांगितलं, "झुंबरबाई, वावर तर तुम्ही गंगाधरच्या नावावर करून दिलंय."

"मी मोटारीसाठी सही केली, भाऊ. कागदात काय लिवलंय ते कुणी वाचून दाखवलं नाय मला."

"अंगठा लावला असता तर दाखवलं असतं," तलाठी खाली बघत म्हणाला. "सही करणाऱ्याला कोण वाचून दाखवतो?"