धाकटीचं नाव

"निर्झरा?" कारकुनाने पेन खाली ठेवलं. "नको, आजी. हाक मारली की नळ उघडा राहिल्यासारखं वाटेल."

त्याने यादीतलं तेही नाव खोडलं. यादी सुनेच्या अक्षरात होती. सून मागच्या बाकावर बसली होती आणि तिच्या खांद्यावर एक गुलाबी टोपडं गाढ झोपलं होतं. खिडकीशी आजी एकट्याच लढत होत्या.

नावनोंदणीच्या खिडकीवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या माणसाला नावांबद्दल ठाम मतं होती आणि ती तो फुकट वाटायचा. नाव एका दमात निघालं पाहिजे, हजेरी घेताना बाईंची बोबडी वळता कामा नये. म्हणून अर्जावर चढवण्याआधी तो प्रत्येक नाव भर हॉलमध्ये पुकारून बघायचा. साहेबांनी दोनदा तंबी देऊनही ही खोड गेली नव्हती.

"चारचौघींसारखं ठेवा ना, आजी."

"तेच तर नकोय, भाऊ. गर्दीत हाक आली, तर ती आपल्यालाच आहे हे कळलं पाहिजे. एवढं तरी मिळू दे."

कारकून नरमला. "दात आलेत?"

"मोजून पाच आहेत."

"चालते?"

"धरून धरून."

सुनेने तोंड वळवून हसू दाबलं.

"मग इतके दिवस नावाशिवाय ठेवलीत?"

"चार मुलींवर पाचवी. नाव शोधायची हौस कुणाला उरली होती? धाकटी म्हणाले, तेच अंगवळणी पडलं. कागदावरही धाकटीच."

कारकुनाचं डोकं फिरलं. त्याने सुनेकडे रागाने पाहिलं. पाच मुलींची आई म्हणून ती फारच लहान दिसत होती, पण हल्ली कुणाच्या वयाचा पत्ता लागतो?

"आजच्या काळात शोभतं का हे?" तो तिच्यावर कडाडला.

"म्हणून तर आईंना घेऊन आले," सून शांतपणे म्हणाली.

"आणि घाई आहे, भाऊ," आजी म्हणाल्या. "सोमवारपासून अक्षरं गिरवायला बसायचंय. आधी स्वतःचं नाव शिकवतात म्हणे."

"इतक्यात? लोकांना हल्ली दमच नाही!"

"तेवढं शेवटचं वाचा. मला तेच आवडलंय."

"सौदामिनी," त्याने वाचलं. "लांब आहे. शिवाय घरात वीज कडाडल्यासारखं वाटेल."

"कडाडू दे."

त्याने नाव दोनदा ओठातल्या ओठात घोळवलं. अठ्ठावीस वर्षांत हे त्याच्या खिडकीवर आलं नव्हतं. मनातून त्याला ते आवडलं, पण तसं कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"बघू. मुलीने ओ दिली, तर लगेच अर्जावर चढवतो."

तो उभा राहिला आणि गुलाबी टोपड्याकडे बघत त्याने हॉल दणाणून सोडला, "सौदामिनीऽऽ!"

टोपडं हललंसुद्धा नाही.

"ओ!" आजी म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. "एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला नावानं हाक मारली, भाऊ."